भवर मळ्यावरचा हिरवा रंग

भागुबाई भवर हरली असं मळ्यात कोणी कधी पाहिलं नव्हतं. हरायची तीही, माणूसच आहे. पण हरताना असा काही आवाज लावायची की समोरच्यालाच वाटावं, चुकलं बुवा आपलंच.

नवरा मोतीराम गेला तेव्हा योगेश अजून शाळेत होता. तेरावं उरकलं आणि भावकी ओट्यावर येऊन बसली. जमीन वाट्यानं दे, बाईमाणसाला झेपायची नाही, असा सल्ला घेऊन. भागुबाईनं सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाली, "प्या निवांत. सल्ला तेवढा परत न्या, आमच्या घरात ठेवायला जागा नाय." दुसऱ्या दिवशी शेवंतीचे क्रेट टेम्पोत टाकून ती स्वतः फूलबाजारात उभी राहिली. तिथून पुढं तिनं पोरगा वाढवला, त्याला कंपनीत चिकटवला, हरसूलची सून करून आणली, आणि भावकीतल्या एकाही माणसाला पुन्हा ओट्यावर बसून सल्ला द्यायची हिंमत झाली नाही.

गंगापूर रोडचे बंगले संपतात, टॉवर संपतात, आणि झेंडू-शेवंतीची वावरं लागतात. तिथं आत वळलं की भवर मळा. शहराचे दिवे इथून दिसतात, डीजे ऐकू येतो. नळ तेवढा येत नाही. शहराला मळ्याची कोथिंबीर चालते, शहरातल्या देवांना मळ्याची फुलं चालतात. पाइप मात्र शेवटच्या बंगल्याच्या कंपाउंडला टेकून थांबतो, जणू पुढं समुद्रच आहे.

मग प्यायचं पाणी कुठून? तर योगेश कंपनीतून येताना एका सोसायटीच्या वॉचमनशी गोडीगुलाबी करून तिथल्या नळावरून कॅन भरायचा आणि मोटरसायकलला बांधून आणायचा. मळ्यातल्या बहुतेक घरांची हीच तऱ्हा. विहिरीचं पाणी धुण्याभांड्याला, गुराढोरांना आणि फुलांना. पूर्वी तेच पाणी सगळे पीत होते. पण वरच्या अंगाला बंगल्यांचे शोषखड्डे झाले, आणि खालच्या अंगाला मळेकऱ्यांनी फुलांचा आकार वाढावा म्हणून युरिया असा ओतला की जमिनीलाही ढेकर यावी. कुठल्या बाजूनं किती घाण विहिरीत उतरली याचा निवाडा करायला कोणी बसलं नाही. बंगलेवाले म्हणाले, शेतकऱ्यांचं खत. शेतकरी म्हणाले, बंगलेवाल्यांचं शौच. दोघंही खरं बोलत होते, म्हणून दोघंही मोकळे सुटले.

त्या हिवाळ्यात साळूबाईचा नातू निळा पडला.

साळूबाई म्हणजे भागुबाईची धाकटी जाऊ. दोघींचं बांधावरून बिनसलेलं. एका बांधावर तुरीची एक ओळ कोणी लावायची एवढ्यावरून बोलणं बंद होतं. साळूबाईच्या सुनेला दूध पुरत नव्हतं म्हणून बाळाला पावडरचं दूध सुरू होतं. एके दिवशी कॅन आला नाही. विहिरीचं पाणी उकळून, गाळून, थंड करून दूध बनवलं. असं मधूनमधून होत राहिलं, आणि एका सकाळी पोराचे ओठ, नखं जांभळासारखी. दवाखान्यातल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. म्हणाला, "यात नायट्रेट असणार. खताचा, मैल्याचा क्षार. मोठ्यांना लगेच काही होत नाही, सहा महिन्यांच्या आतल्या लेकराचं रक्त नासतं. आणि उकळून हे जात नाही. पाणी आटतं, क्षार घट्ट होतो."

पोरगं वाचलं. पण मळ्यात त्या दिवसापासून बायका विहिरीत डोकावताना काठापासून एक पाऊल लांब उभ्या राहू लागल्या.

योगेशची बायको पूजा तेव्हा गरोदर. सातव्या महिन्यात माहेरी निघाली तेव्हा पिशवी उचलताना म्हणाली, "आई, एक सांगते, राग मानू नका. नळ आला की मी लगेच येते. नळ नाय आला तर बाळाला या घरात आणणार नाय."

"अगं, कॅन आणतोय की तो."

"साळूकाकींकडं पण कॅनच येत होता."

भागुबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण पूजाच्या पोटाकडं बघून तिनं ते गिळलं. पूजाच्या बापानं पोरगी हरसूलच्या डोंगरातून उचलून नाशकाच्या अंगाला दिली होती ती कशासाठी? डोक्यावरचा हंडा सुटेल म्हणून. आता हरसूलला घरात नळ आलेला, आणि शहराच्या उंबऱ्यावरचा भवर मळा कॅनवर. भागुबाईला हे इतकं लागलं की तिनं साळूबाईशी अबोला असतानाही साळूबाईच्याच नातवाच्या नावानं मळ्यातल्या सगळ्या बायका गोळा केल्या आणि पाणी योजनेच्या ऑफिसात जाऊन ठिय्या दिला. साळूबाईही आली. दोघी एकाच सतरंजीवर, मध्ये दोन बायकांची भिंत ठेवून बसल्या.

साहेब गोड होता. गोड साहेबापासून देव वाचवो. "तुमची मागणी रास्त आहे," म्हणाला. "पण आता कोण किती ओरडतं यावर पाइप जात नाही. कॉलेज सर्वे करतंय. विहिरींचं पाणी तपासून नकाशा होणार. जिथं लाल, तिथं पहिला पाइप. एकदम शास्त्रीय."

"लाल होईल ना आमचं?" भागुबाईनं विचारलं.

"पाणी खराब असेल तर होणारच."

बायका खुशीत परतल्या. पाणी खराब आहे याचा आनंद मानावा लागावा, असे दिवस आले होते.

वैशाखात कॉलेजचा पोरगा आला. राज नाव. मोटरसायकलच्या मागं बाटल्यांचा खोका, तोंड उन्हानं भाजलेलं. अजून बऱ्याच विहिरी त्याच्या वाट्याला होत्या. भागुबाईच्या दारात तो पोचला तेव्हा लाइट गेलेली, मोटार बंद. विहीर वावराच्या पार टोकाला, आणि मोटारी आल्यापासून रहाटगाडगं, दोर सगळं इतिहासजमा.

"मावशी, तुमच्या विहिरीचं पाणी पाहिजे. तपासणीला."

"देते की. आधी बस. घोटभर पाणी पी."

माठातलं पाणी त्यानं तांब्याभर घशात ओतलं आणि म्हणाला, "काय गोड पाणी हो मावशी तुमचं!"

झालं. बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कॅनचं पाणी ते, गंगापूर रोडच्या नळाचं. पण माठ भागुबाईचा होता ना.

राज चिठ्ठी लिहीत होता. "नाव सांगा मावशी. बाटलीवर लावायचंय."

"माझं नाव? बाटलीवर?"

"हो. भवर मळा, भागुबाई मोतीराम भवर. लॅबमध्ये सगळ्या बाटल्या ओळीनं लागतात, नावासकट."

आता इथं जे झालं ते भवर मळ्यातच होऊ शकतं. फुलाचा क्रेट बाजारात जातो तेव्हा टपोरी फुलं वरच्या थराला लागतात. बारकी, मुकी फुलं खाली. हे सगळे करतात, व्यापाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून तर तो कोपरापर्यंत हात घालतो. पाहुणा आला तर फुटका कप मागं जातो. पोरगी दाखवायची तर शेजारणीचं का होईना, चांगलं लुगडं अंगावर येतं. उंबऱ्याबाहेर जाईल ते चांगलंच जाईल, याच्यावर भागुबाईनं विधवेचं आयुष्य काढलं होतं. आणि आज तिचं नाव, मोतीरामचं नाव, कॉलेजात जाऊन चारचौघांच्या ओळीत उभं राहणार होतं. त्या नावाच्या बाटलीत शेवाळलेलं पाणी?

"दे इकडं बाटली," ती म्हणाली. "उन्हात कुठं तडफडतो विहिरीपर्यंत. मी आणते भरून."

राजनं दिली. दमलेल्या माणसाला कोणी काम हलकं करतंय म्हटल्यावर तो नियमाचं पुस्तक उघडत नाही. भागुबाई आत गेली, माठातून बाटली भरली, पदरानं पुसली. लाल रंग, पाइप, पूजाचं बोलणं, सगळं तिला ठाऊक होतं. पण त्या क्षणाला ते डोक्यात एका कप्प्यात आणि नाव दुसऱ्या कप्प्यात. पाणी खराब आहे हे तर आपण ऑफिसात ओरडून सांगितलंच आहे, मग बाटली ती काय सांगणार वेगळं, असंही काहीतरी. वर तिनं कुंपणावरून हाक टाकली, "अगं ए, कॉलेजचा पोरगा आलाय, नावं लिहून नेतोय! पाणी चांगलं द्या गं, मळ्याची लाज राखा!"

थोरलीनं सांगितलं म्हटल्यावर घराघरातून माठातली बाटली निघाली. एकट्या साळूबाईनं तेवढा कळशीला दोर बांधला, भर उन्हात विहिरीत सोडली आणि हिरवट पाणी बाटलीत ओतून दिलं. खरेपणाची चाड होती म्हणून, की भागुबाईनं सांगितलं त्याच्या उलटं करायचं म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक.

आषाढात मारुतीच्या देवळातल्या सभामंडपात बैठक लागली. पांढऱ्या चादरीवर नकाशा पाडलेला. साहेब खुर्चीत, आणि कॉलेजच्या अंजली मॅडम हातात काठी घेऊन उभ्या. बाई चांगली होती, हे आधीच सांगायला हवं. वाईट असती तर बरं झालं असतं. शिव्या घालायला माणूस सापडला असता.

नकाशा रंगीत होता. कुठं लाल, कुठं पिवळा, कुठं हिरवा. भवर मळा हिरवागार.

सभामंडपात एकदम कालवा झाला. भागुबाई उठून उभी राहिली. "ओ मॅडम, हे कोणी रंगवलं? आमच्या विहिरीत येऊन बघितलं का?"

"मावशी, सगळ्या विहिरी तपासणं शक्य नसतं," अंजली मॅडम समजावून सांगू लागल्या. "काही विहिरींचं पाणी तपासतो. मधल्या विहिरींचा अंदाज बांधतो. जमिनीखालचं पाणी सलग असतं, म्हणून जवळच्या विहिरी एकमेकींसारख्या असतात असं धरतो. जितकी जवळची, तितकं तिला वजन जास्त."

"म्हणजे शेजारणीची सून गुणाची, म्हणून माझी पण गुणाची?"

बायका हसल्या. मॅडमही हसल्या. "जवळजवळ तसंच. एका आळीतल्या सुना थोड्याफार सारख्या निघतात, असं मानायचं."

"हे बरंय! मग कॉलेज कशाला पाहिजे? आमच्या सासवा हेच करत होत्या."

आता सभामंडप तिच्या बाजूनं होता. साहेबानं घड्याळ बघितलं. भागुबाई रंगात आली. "ते काय नाय. तुमचा अंदाज तुमच्यापाशी. आमच्या विहिरीचं पाणी घ्या आणि मग बोला."

"पण मावशी," अंजली मॅडमनं काठी हिरव्या भागावर टेकवली, "तुमच्या मळ्यात तर अंदाज नाहीच. इथं खरोखर बाटल्या भरल्यात. इथं ठिपके सगळ्यात दाट आहेत. ही बघा, भागुबाई मोतीराम भवर, तुम्हीच ना? पाणी अतिशय उत्तम. नळाच्या पाण्याच्या तोडीचं."

नळाच्या तोडीचं. असणारच की. नळाचंच होतं.

भागुबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि खाली बसली. मागून साळूबाईचा आवाज आला, "आणि माझी विहीर? मी पण बाटली दिली. माझा नातू मरता मरता वाचला, त्याचा रंग कुठंय तुमच्या चादरीवर?"

अंजली मॅडमनं कागद चाळले. "साळूबाई भवर. हो, तुमचा आकडा खूप जास्त आला होता. पण तुमच्या चारी बाजूंचे आकडे एकदम चांगले, आणि मध्येच एकटा तुमचा असा. एवढ्याशा अंतरात इतका फरक पडत नाही सहसा. बाटली दूषित झाली असेल, असं समजून तो आकडा बाजूला ठेवला."

साळूबाईनं चारी बाजूंना बघितलं. शेजारणी पायाच्या अंगठ्यांकडं बघत होत्या. मग तिनं भागुबाईकडं बघितलं, आणि सगळ्या सभामंडपात ती एकटी होती जिला काही विचारायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी भागुबाई कॉलेजात गेली. कोणाला न सांगता, चपला पुसून. अंजली मॅडमसमोर बसून तिनं जे झालं ते सांगितलं. डोळे खाली न घालता, भांडल्यासारख्या आवाजात. "तुमचा पोरगा क्रेटचा वरचा थर घेऊन गेला मॅडम. खाली हातच नाय घातला त्यानं."

मॅडमनं साळूबाईच्या आकड्याचा कागद काढून समोर ठेवला. मग म्हणाल्या, "त्यानं स्वतः विहिरीतून पाणी काढायला हवं होतं. आणि मी त्याला विचारायला हवं होतं. मी नुसते आकडे बघितले. चार जणी एक सांगतात, पाचवी वेगळं सांगते, तर पाचवी चुकीची, इतकं सोपं करून टाकलं."

गावकी दुसरं काय करते? फक्त गावकीला त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही.

"मग टाका की पुसून माझा ठिपका."

"पुसेन. पण मग तिथं काही माहितीच उरत नाही, मावशी. नुसत्या साळूबाईंच्या एका आकड्यावर कोणी पाइप टाकणार नाही." मॅडमनं दुसरा कागद काढला. त्यावर लाल-हिरवं काही नव्हतं, नुसता करडा रंग, कुठं फिका कुठं गडद. "हा दुसरा नकाशा. आमचा अंदाज कुठं किती भरवशाचा आहे ते हा सांगतो. गडद म्हणजे इथं आम्हाला फारसं कळत नाही. ऑफिसला दोन्ही दिले होते, त्यांनी रंगीत तेवढा ठेवून घेतला."

"आमचा मळा कसाय यात?"

"सगळ्यात फिका. म्हणजे सगळ्यात भरवशाचा. बाटल्या दाट होत्या ना. बाटली कुठं भरली एवढंच याला कळतं. बाटलीत काय होतं, ते याला कळत नाही."

भागुबाई हसली, ते हसू बघवलं नसतं कोणाला. "म्हणजे जिथं सगळ्यात मोठी थाप, तिथं सगळ्यात जास्त भरवसा. चांगलं शास्त्र हे मॅडम. इलेक्शनला चालेल."

अंजली मॅडम स्वतः साहेबाकडं गेल्या. साहेबानं गोड आवाजात सांगितलं की कामाचा क्रम मंजूर झालाय, पाइप लाल भागाकडं निघालेत. नवीन आकडे आणा, पुढच्या टप्प्यात बघू. आणि हसत हसत वर म्हणाला, "लोकांनीच पाणी बदलून दिलं म्हणता. उद्या लाल करायला शेणाचं पाणी देतील. मग?" खरं बोलला मेला. तेच तर दुखतं.

श्रावणात पूजा बाळंत झाली. मुलगी. बारशाला भागुबाई हरसूलला गेली, आठवड्याच्या बाजारातून कानटोपडं आणि वाळा घेऊन. नाव ठेवलं वेदिका. पोर मांडीवर घेतलं तर आजीचा अंगठा धरून सोडेना. पूजाला दूध पुरत नव्हतं. कोपऱ्यात पावडरचा डबा दिसला. पूजानं सगळ्यांदेखत विचारलं, "आई, नळाचं कुठवर आलं?"

"होतंय," भागुबाई म्हणाली. "नकाशात काय गडबड केलीय त्या कॉलेजवाल्यांनी. होतंय नीट."

कॉलेजवाल्यांनी! अंगठा धरलेल्या पोरीच्या तोंडावर ती हे बोलली. आणि योगेश शेजारी उभा राहून मान डोलवत होता, आईच्या बाजूनं.

आश्विनात अंजली मॅडमनं पुन्हा बाटल्या भरायला घेतल्या. या वेळी स्वतः आल्या, राजला दोर घेऊन विहिरीवर उभा केला. भागुबाई पुढं, बायका मागं. एकेका विहिरीवर जाऊन कळशी सोडली. यंदा पाऊस दणकून झाला होता, विहिरी काठोकाठ. भागुबाई पाण्याकडं बघून पुटपुटत होती, "दाव गं बाई, दाव आता तुझं खरं रूप."

निकाल आला. साळूबाईची विहीर तेवढी वाईट. बाकीच्या मर्यादेच्या जेमतेम आत.

"असं कसं?" भागुबाई फोनवर ओरडली. "आता तर खरं पाणी दिलं!"

"हेही खरंच आहे मावशी," अंजली मॅडमचा आवाज थकलेला होता. "तुमच्याकडं पावसानं पाणी पातळ केलंय. काही ठिकाणी उलट होतं, पावसानं खत खाली उतरतं आणि आकडा चढतो. वैशाखातलं पाणी कसं होतं ते आश्विनातल्या पाण्यावरून ठरवता येत नाही मला. वैशाखाची तुलना वैशाखाशीच करावी लागते. ती बाटली तेव्हाच भरायला हवी होती."

"मग आता?"

"पुढच्या वैशाखापर्यंत थांबायचं. मध्ये दर महिन्याला भरत राहू. वर्षभराची रेघ मिळाली तर कोणी नाही म्हणू शकणार नाही."

वर्षभराची रेघ. इकडं पोरगी हरसूलला दिवसादिवसाला वाढत होती.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा बांधावरच्या तुरी उभ्या होत्या आणि भांडणही. साळूबाईची शेळी भागुबाईच्या शेवंतीत घुसली. भागुबाईनं शेळीच्या निमित्तानं साळूबाईची सात पिढ्यांची हजेरी घेतली. साळूबाई ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थोरल्या बाई, शेळीनं चार झाडं खाल्ली तुमची. तुम्ही तर आख्ख्या मळ्याचा नळ खाल्ला!"

"तोंड सांभाळ, साळू!"

"का? खोटं हे का? माठातली बाटली कोणी दिली? वरून हाका मारून कोणी सगळ्यांना द्यायला लावली? माझी एकटीची खरी होती, ती तुमच्या चार खोट्या बाटल्यांनी खोटी पाडली. माझं लेकरू निळं पडलेलं, आणि चादरीवर सगळं हिरवं! सांगितलं का तुमच्या सुनेला हे? सांगा की हरसूलला जाऊन!"

योगेश ओट्यावर होता. हातातला कॅन त्यानं खाली ठेवला.

"आई, काय म्हणते काकी?"

भागुबाईला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही, एवढं तिच्या पदरात टाकायला हवं. "खरं हे," म्हणाली. "दिली मी माठातली. नाव होतं त्याच्यावर. तुझ्या बापाचं नाव."

योगेश ओरडला असता तर ती परत ओरडली असती, आणि मग रात्रीपर्यंत सगळं निवळलं असतं. त्या घरात भांडणं अशीच मिटायची. तो ओरडला नाही. म्हणाला, "बापाच्या नावाची काळजी, आणि त्याच्या नातीची नाय." आणि गाडीला किक मारून निघून गेला.

नाशकातल्या इंदिरानगरला त्यानं भाड्यानं फ्लॅट घेतला. कंपनीतल्या कोणाच्या तरी ओळखीनं. नळाला दोन वेळा पाणी. पूजा आणि वेदिका हरसूलहून थेट तिकडं जाणार होत्या. मळ्याचा रस्ता वाटेत लागत नाही असं पूजानं ठरवलं होतं. सामान न्यायला योगेश टेम्पो घेऊन आला. कपाट, पलंग, पूजाची शिलाई मशीन. भागुबाईनं पाळणा स्वतः उचलून दिला, मोतीरामच्या बापानं सागवानाचा करून घेतलेला.

"तू पण चल ना आई," योगेश म्हणाला. मनापासून म्हणाला. "एक खोली तुझीच हे."

"मी आले तर वैशाखात बाटल्या कोण भरणार? या बायका पुन्हा माठ उघडतील."

"वैशाखात वेदिका बसायला लागलेली असेल आई. वरणभात खायला लागलेली असेल. डॉक्टरनं सहा महिनेच सांगितले होते भीतीचे. मग तुझा नकाशा लाल झाला काय आणि निळा झाला काय, आम्ही काय करू त्याचं?"

"मग तेव्हा या परत."

योगेशनं दोरीची गाठ ओढली. "फ्लॅटचं अॅग्रीमेंट झालंय. पूजा शिवणाचा क्लास लावतेय तिकडं. तिकडनं कोण परत मळ्यात येतं का आई?"

साळूबाई आपल्या दारात सूप घेऊन उभी होती. सुपात काही नव्हतं. भागुबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. साळूबाईचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

"निघ," भागुबाई मुलाला म्हणाली. "गंगापूर रोडला आता गर्दी लागेल."

टेम्पो धुरळा उडवत गेला. थोड्या वेळानं लाइट आली, विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली आणि पाणी पाटातून शेवंतीच्या सरींमध्ये पसरायला लागलं. फुलांना त्या पाण्याचं वावडं नव्हतं. त्यांना ते खतच होतं. यंदाची शेवंती अशी टपोरी आली होती की वरचा काय आणि खालचा काय, क्रेटचा थर निवडायची गरजच राहिली नव्हती. भागुबाईनं पदर खोचला, खुरपं घेतलं आणि पाणी कुठं तुंबतंय ते बघायला सरीत उतरली.